पासपोर्टवरचं कुंकू

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नात, बारशात, अगदी मयतीलासुद्धा कोणीतरी माझ्या शेजारी सरकतं आणि हळूच विचारतं, "कांबळे, परदेशात जायचा सध्या नियम काय आहे?" कुठल्या देशाचा, कसल्या कामासाठी, हे कळायच्या आधीच माझी पाठ दुखायला लागते. मी सांगतो, "मला माहीत नाही." समोरचा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा भाव खातोय. खरं सांगायचं तर नोकरीत असतानाही मला माहीत नसायचं. मला फक्त कालपर्यंतचा नियम माहीत असायचा.

चीनची लढाई झाली त्या वर्षी मी चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत कारकून म्हणून लागलो. वडील खडकीला कारखान्यात हमाली करत, आम्ही सांगवीत राहत होतो. मॅट्रिक झालेला आमच्या आळीतला मी दुसराच. कंपनीत जर्मन यंत्रं येत होती आणि यंत्रांबरोबर ती बसवणारे जर्मन येत होते. या गोऱ्या लोकांचे इथे राहायचे परवाने, त्यांची मुदत, मुदतवाढ, पोलिसांकडची नोंद, हे सगळं बघायला कोणी तयार नव्हतं. मी नवा होतो. माझ्या गळ्यात मारलं. साहेब म्हणाले, "सोपं काम आहे, नियमांवर फक्त नजर ठेवायची." त्या "फक्त"वर माझी वीस वर्षं गेली.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. एका देशातल्या माणसाला दुसऱ्या देशात जाऊन काम करायचं असेल तर तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार स्वतःच्या सरकारचं, म्हणजे पासपोर्ट. आमच्या काळी पासपोर्टात कोणकोणत्या देशात जायला मुभा आहे ते नाव घालून लिहिलेलं असे, वर जामीनदार लागे. दुसरं दार परक्या सरकारचं, म्हणजे व्हिसा. आणि तिसरं दार पुन्हा आपल्याच सरकारचं. हा कामगार तिकडे फसवला जाणार नाही ना, हे बघून त्याला बाहेर सोडायची परवानगी. तिन्ही दारांना वेगवेगळी कुलपं, आणि कुलपं कधीही बदलतात. बदलली की कोणी दवंडी पिटत नाही.

मग कळायचं कसं? सुरुवातीला मी आत जाऊन साहेबांना विचारत असे. आतला साहेब हमखास जुना नियम सांगायचा, कारण नवा कागद त्याच्या टेबलावर पोचलेला नसायचा. हळूहळू माझी एक पद्धत बसली. कुठल्याही कचेरीसमोर चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडं बघायची. ज्याचं तोंड उतरलेलं दिसेल त्याला चहा पाजायचा. नवा नियम आधी त्याच्या अंगावर पडलेला असतो. परवाना घेऊन हसत निघालेल्या माणसाकडून मी आयुष्यात काही शिकलो नाही.

आणखी एक गोष्ट मी लवकर शिकलो. नियम बदलला की शिव्या मला. नियम करणारा दिल्लीत किंवा कुठल्यातरी वाळवंटात, त्याला कोण शोधणार? मी समोर बसलेला. एकदा क्राउस नावाचा आमचा जर्मन फोरमन आठवडाभर गायब झाला. कंपनीच्या बंगल्यावर नाही, पुण्याच्या हॉटेलात नाही. परदेशी माणूस नोंदवलेल्या पत्त्यावरून इतके दिवस हलला तर पोलिसांना कळवायचं असतं, आणि ज्याच्या घरी तो उतरेल त्यानंही कळवायचं असतं. शोधत शोधत मी मोशीला पोचलो. इंद्रायणीच्या काठी आमच्याच एका कामगाराच्या चुलत्याचं गुऱ्हाळ होतं. तिथे क्राउस साहेब उघड्या अंगानं उकळत्या रसाच्या काहिलीजवळ बसून गरम गूळ खात होते. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, पोलिसांना कळवायला पाहिजे होतं. नियम आहे."

म्हातारा म्हणाला, "व्हय? आमच्यात पाव्हणा आल्यावर जेवला का इचारत्यात, पोलिसाला न्हाई सांगत. तुमचा नियम असंल तर तुमी सांगा. आमी गूळ देतो."

क्राउस माझ्यावर ओरडले, मॅनेजर माझ्यावर ओरडले, आणि पुण्यात पोलीस कचेरीतले जमादार तर तासभर ओरडले. गूळ मात्र तिघांनीही घेतला. मी थोडा घरी नेला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हांला सगळे का बोलतात हो?" मी म्हटलं, "मी जवळ असतो म्हणून."

पुढे यंत्रं बसली, जर्मन गेले, माझं टेबल रिकामं पडत आलं. मग वारं उलटं फिरलं. आता इथली माणसं बाहेर निघाली. आखातात तेलाचा पैसा आला होता, तिकडे रिफायनऱ्या उभ्या राहत होत्या, आणि वेल्डर, फिटर, पाइप जोडणारे हवे होते. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ते गल्लीगल्लीत होते. त्यातून ते दिवस संपाचे आणि टाळेबंदीचे. भोसरीत शेडच्या शेड बंद पडलेल्या. देश कुठलाही असो, आमच्याकडे सगळ्याला दुबईच म्हणत. "कांबळेदादांना व्हिसाचं कळतं" ही बातमी कंपनीच्या फाटकाबाहेर कशी गेली ठाऊक नाही, पण रविवारी सकाळी माझ्या पिंपरीच्या खोलीसमोर चपलांचा ढीग पडायला लागला. मी एजंट नव्हतो. कोणाकडून काही घेतलं नाही. का करत होतो, हे विचाराल तर धड उत्तर नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला गावातली विहीर बंद होती. त्यांची पोरं समुद्र ओलांडायला निघाली, तर कोणत्या कागदावर अडतात ते बघावंसं वाटत असेल. शिवाय येणारे सगळ्याच जातीचे होते. उंबऱ्यावर चपला काढताना सगळे सारखेच घाबरलेले असायचे.

त्यातला एक अंकुश माने. उस्मानाबादकडचा. दुष्काळात गाव सोडून आलेला, भोसरीच्या एका शेडमध्ये वेल्डर. हात असा की जोड कुठे मारलाय ते बोटानं चाचपूनही कळू नये. शेड बंद पडून वर्ष उलटलं होतं. कासारवाडीला रुळाच्या कडेला एका खोलीत तो, बायको गयाबाई आणि तीन मुलं. गयाबाई चार घरची भांडी करून घर ओढत होती आणि ते अंकुशच्या फार मनाला लागलं होतं. त्याचा मेहुणा आधीच तिकडे पाइपलाइनवर होता. त्यानंच आपल्या कंपनीत अंकुशचं काम ठरवलं. व्हिसासाठी मुंबईच्या एजंटाकडे पासपोर्ट गेला आणि अंकुशचा रोज एकच प्रश्न सुरू झाला.

"दादा, नियम बदलला न्हाई ना ओ?"

"नाही बदलला, राव. बदलला तर मीच सांगेन तुला."

पण वाट बघणाऱ्याला दम कुठला? गावाकडून भाऊबंद आले, नारळ दिला, टॉवेल-टोपी झाली. आळीतल्या पोरांनी सेंट मागितलं, बायकांनी नायलॉनच्या साड्या. माणूस अजून कासारवाडीतच, आणि लोक त्याच्याशी परदेशातून सुट्टीवर आल्यासारखं बोलत होते. मला ते बघून धास्तीच वाटायची. निघण्याआधी एवढा निरोप घेतलेला माणूस मागे राहिला तर त्यानं जायचं कुठे?

पासपोर्ट व्हिसाचा शिक्का घेऊन परत आला तो नेमका खंडेनवमीला, दुपारी. त्या दिवशी मुंबई गाठून तिसऱ्या दाराची परवानगी घेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा, त्याला लागून रविवार. म्हणजे सोमवारीच. व्हिसाची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, पण सोमवारी परवानगी मिळाली असती तर त्याच आठवड्यात विमान पकडता आलं असतं. मी म्हटलं, "काही घाबरायचं कारण नाही. सोमवारी मी बरोबर येतो."

आता आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी लेथला हार, ड्रिलला हार, क्रेनच्या आकड्याला झेंडूची माळ. पाना, हातोडी, पक्कड धुऊनपुसून ओळीनं मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. मी बौद्ध, माझ्या घरी हे नाही. पण कंपनीत पेढा सगळ्यांनी खाल्लेला.

दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. पांढरे कपडे घालून मी वस्तीतल्या विहाराच्या पायऱ्या चढत होतो. तेवढ्यात अंकुश पळत आला. सणाचा दिवस, पण अंगावर कालचाच शर्ट. त्यानं रुमाल सोडून पासपोर्ट माझ्यापुढे धरला. मी तो उघडला.

व्हिसाचं पान लालभडक झालं होतं. मधोमध ओल्या कुंकवाचं बोट, वर हळदीचं बोट, आणि पासपोर्ट मिटल्यामुळे दोन्ही पसरून शिक्क्यावर, सहीवर, शेजारच्या पानावर उमटलेलं. एक तांदळाचा दाणा शिवणीत अडकला होता.

मागोमाग गयाबाई आली. बुटकी, सावळी बाई, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. ती विहाराच्या पायरीखाली उभी राहिली, वर येईना.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"म्या केलं," ती म्हणाली. "यंदा ह्यांचं दुसरं हत्यारच न्हाई ओ दादा. वेल्डिंगचा होल्डर इकला, काळा चष्मा इकला. म्हनलं, आता ह्योच पासपोट आपलं हत्यार. त्याची पुजा करावी."

"अहो, पण आतल्या पानावर?"

"कुऱ्हाडीला कुंकू दांड्याला लावत्यात का? पात्याला लावत्यात. म्या ह्यांनाच इचारलं, ह्यातलं पातं कोनतं. ह्येंनीच पान काढून दिलं."

अंकुश खाली बघत होता. मी हसलो नाही, पण हसू आलं होतं हे कबूल करतो. वीस वर्षांत मी पासपोर्ट भिजलेले पाहिले, उंदरानं कुरतडलेले पाहिले, तान्ह्या पोरानं चघळलेला एक पाहिला. पात्याला कुंकू लावलेला हा पहिलाच. आणि खरं सांगतो, त्या बाईचं म्हणणं मला पटलं. नवऱ्याच्या हातात धार असलेली एवढी एकच वस्तू उरली होती.

पण शिक्का पुसट झालेला व्हिसा म्हणजे खाडाखोडीचा, फसवणुकीचा संशय. विमानतळावर अडवतील. नवा पासपोर्ट काढायचा तर पोलीस चौकशी, महिने जाणार, आणि व्हिसा तोवर मेलेला. मी त्या दिवशी विहारात वंदनेला बसलो, पण डोळे मिटले की लाल पानच दिसायचं.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं मुंबईला गेलो. आधी त्या देशाच्या वकिलातीत गेलो. खिडकीवरच्या केरळी बाबूनं पान बघितलं आणि पासपोर्ट दोन बोटांत धरून आत नेला, जणू मेलेली पाल. थोड्या वेळानं आम्हांला आत बोलावलं. पांढऱ्या पायघोळ झग्यातला एक पोक्त अधिकारी बसला होता. इंग्रजीत त्यानं विचारलं, "हे रक्त आहे का?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. वर्षातून एक दिवस, हत्यारं, पूजा, पात्याची गोष्ट. तो लक्षपूर्वक ऐकत होता.

"यंत्रांनाही लावता?"

"लावतो."

"मोटारीला?"

"मोटारीला, बसला, गिरणीला."

"आणि न लावता मोटार चालत नाही?"

"मोटार चालते साहेब. ड्रायव्हर चालत नाही."

तो मोठ्यानं हसला. मग गंभीर होऊन त्यानं अंकुशला हात पुढे करायला सांगितलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजून तळव्यांवर आणि मनगटांवर पांढरे ठिपके पडलेले असतात, ते त्यानं नीट पाहिले. मग आपल्याकडच्या कागदाशी नंबर ताडून त्यानं त्याच पानावर, कुंकवाला लागूनच, नवा शिक्का मारला आणि हिरव्या शाईनं सही केली. "बायकोला सांग," तो म्हणाला, "पुढच्या वेळी फक्त कव्हरवर."

बाहेर आल्यावर अंकुशनं रस्त्यातच माझे पाय धरले. मी ओरडलो त्याच्यावर. मला ते अजिबात चालत नाही. पण आतून मीही फुललो होतो. इतकी वर्षं नियमांमागे धावलो, आणि आज एक माणूस नियमाच्या बाजूनं वळसा घालून आमच्याकडे आला होता. आम्ही उसळपाव खाल्ला आणि तिसऱ्या दाराकडे निघालो.

ती कचेरी आपल्या सरकारची. जाताना टपरीवर थांबायची माझी पद्धत, पण दुपार होत आली होती, खिडकी बंद व्हायची भीती होती, म्हणून सरळ आत शिरलो. खिडकीमागे माझ्याच वयाचा एक कारकून होता. डोळ्यांखाली काळं, बुशकोटाचं वरचं बटण तुटलेलं. त्याच्या टाइपरायटरवर अजून खंडेनवमीचा झेंडू सुकत होता. शिक्क्याच्या मुठीलाही हळद लागलेली. अंकुशनं पासपोर्ट सरकवला आणि न विचारताच बोलायला लागला, "साहेब, ते पानावर जरा कुंकू सांडलंय, पन वकिलातीनं—"

"कुंकवाचं राहू द्या हो," कारकून म्हणाला. "आमचा शिक्का बघा, तोच हळदीचा उमटतोय. तुमच्या नोकरीच्या करारावर आपल्या तिकडच्या वकिलातीचा शिक्का कुठाय?"

मी म्हटलं, "तो लागत नाही. तिकडच्या कंपनीची सही पुरते."

"पुरत होती. आता नाही."

"कधीपासून?"

"आजपासून. सुट्टीआधी संध्याकाळी कागद आला. तिकडे माणसं फसवली जातायत म्हणून. चांगल्यासाठीच आहे हो." त्यानं पासपोर्ट परत सरकवला. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. तो थकलेला होता, आणि तो आवाज मला पाठ होता. तो माझाच होता.

बाहेरच्या पायऱ्यांवर तोंडं उतरलेली माणसं बसली होती. मी पद्धतीप्रमाणे एकाला चहा पाजला. साताऱ्याकडचा सुतार होता, उजाडायच्या आधीपासून रांगेत पहिला उभा. खिडकी उघडल्याबरोबर त्यालाही हेच सांगून परत पाठवलं होतं. त्याच्या पासपोर्टावर कुंकू नव्हतं. मी अंकुशला मुद्दाम म्हटलं, "ऐकलंस ना? आपण सकाळी आधी इथे आलो असतो तरी हेच झालं असतं." तो म्हणाला, "ऐकलं, दादा."

त्यानंतर जे करता येईल ते केलं. साहेबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवून कंपनीच्या टेलेक्सवरून तिकडे निरोप पाठवला. मेहुणा बिचारा वाळवंटातून आपल्या वकिलातीत खेपा घालत राहिला. करारावर शिक्का मिळेपर्यंत व्हिसाची मुदत टळली, आणि तिकडच्या कंपनीनं ती जागा दुसऱ्या देशातल्या माणसानं भरली. त्यांना वेल्डर हवा होता, अंकुश माने हवा होता असं थोडंच आहे. ही बातमी मीच त्याला दिली. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो होतो. त्यानं दिल्या नाहीत. नुसता "बरं" म्हणाला आणि उठून गेला.

तो घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं, चिंचवड स्टेशनाच्या टोकाला, जिथे फलाट संपून नुसता उतार लागतो, तिथे बसलेला लोकांनी पाहिला. त्या वर्षांत आमच्या पट्ट्यात बेकार माणूस रुळाजवळ बसला म्हटलं की बायकांचा जीव उडायचा. मी निघायच्या आत गयाबाई त्याला घेऊनही आली होती. काय बोलली, कसं आणलं, कोणाला माहीत नाही. तो आला, जेवला, झोपला.

आणि मग आळीत एक नवीच कथा सुरू झाली. अंकुश दुबईला का गेला नाही? तर बायकोनं व्हिसावर कुंकू सांडलं. येईल त्याला तो हेच सांगायचा. "गेलो असतो राव, विमानात बसायचंच राहिलं होतं, पन हिच्या पुजेनं घात केला." नळावर बायका गयाबाईला हसत. सासूनं गावाहून निरोप धाडला की असल्या पांढऱ्या पायाच्या बाईला हळदीकुंकवाच्या ताटाला शिवू देऊ नका. ती घागर भरायची आणि घरी जायची.

माझ्या कानावर हे आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. एरवी मी बरंच सोसतो, पण खोटा नियम सांगितलेला मला सोसत नाही. तोवर वर्ष झालं होतं. अंकुशला चाकण रस्त्यावर गेट-खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम मिळालं होतं. खंडेनवमीच्या संध्याकाळी मी मुद्दाम कासारवाडीला गेलो. त्यानं पाटावर नवा होल्डर मांडला होता, हळदकुंकू स्वतःच लावत होता. गयाबाई ताट घेऊन पुढे आली तर म्हणाला, "तू नगं. तू लांब ऱ्हा."

मी दारातूनच बोललो, "अंकुश, लाज वाटत नाही? कुंकवाचं त्या अधिकाऱ्यानं निस्तरलं होतं. तू समोर होतास. तुला नियमानं अडवलं, त्या सुतारालाही नियमानंच अडवलं. तू कानानं ऐकलंस!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. होल्डरवर एक फूल ठेवलं, चपला घातल्या आणि माझ्या शेजारून बाहेर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बसा दादा, च्या घ्या."

मी बसलो. गयाबाईनं स्टोव्ह पेटवला. मला वाटलं, ही बाई वर्षभर मनातल्या मनात जळली असेल, हिला तरी एकदा नीट समजावून सांगावं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तीन दारं, शिक्का, सुट्टीआधीचा कागद, रांगेतला पहिला सुतार. "तुमच्या हातून काहीही वाईट झालेलं नाही, गयाबाई. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगायला तयार आहे."

तिनं चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला.

"मला ठावं हाय दादा. ह्येंनी त्याच दिशी मुंबईहून आल्यावर समदं सांगितलं हुतं."

"मग? मग असं का बोलतो तो, आणि तुम्ही का ऐकून घेता?"

"कुंकवाचं म्याच घातलं त्यांच्या डोक्यात," ती म्हणाली. "टेशनावर म्या ह्यांना आनाया गेले तवा. बसले हुते रुळाकडं बगत. म्हनत हुते, कुनाला जाब इचारू, कुनाचंच नाव न्हाई. मंग म्या म्हनलं, माजंच नाव घ्या. पुजा म्या केली, घात माजाच. तवा कुटं रागानं उठले, मला लई बोलले, आन माज्या मागं मागं घरला आले."

बाहेरून गाडी गेली, भांडी हलली. तिनं पाटावरचा होल्डर सरळ केला, हात मात्र लावला नाही, पदराच्या टोकानंच केला.

"नियमावर चिडून मानूस कुटं जातंय ओ दादा? माज्यावर चिडतंय, पन सांजच्याला घरी तर येतंय."